चांदभाईंच्या दुकानातला लेख

मोशीची नदी मागं टाकली तेव्हा पेटी धरायची पाळी माझ्यावर आली. आमची एसटी भोसरीच्या पुढंच बंद पडली होती. ड्रायव्हरनं पुढचं झाकण उघडून आत पाहिलं, कुणाशी काही न बोलता झाडाखाली जाऊन बसला आणि बिडी पेटवली. ते बघून नजमाबाई उठल्याच. म्हणाल्या, "इंदूताई, हा माणूस आता निवांत झाला. आपण चालू लागू."

पेटी लाकडाची, पितळी कडीची. आत सूक्ष्मदर्शक यंत्र. एरवी बाई ते कुणाच्या हाती देत नसत, एसटीतसुद्धा तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेऊन बसत. त्या दिवशी मी हात पुढं केला आणि त्यांनी मुकाट्यानं पेटी दिली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांचं चित्त इथं नाही.

पौषातलं ऊन, बोचत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याची लागवड चालली होती. वाफ्यात ओणवून रोपं खोचणाऱ्या एका बाईनं कंबर सरळ करून विचारलं, "काय वो, पेटीत देव हाय का?"

"देव यांच्याकडं," नजमाबाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "माझ्याकडं नुसती काच."

ती बाई हसली आणि पुन्हा वाकली. थोडं पुढं गेल्यावर नजमाबाईंनी मला विचारलं, "निघताना मोरयाला सांगून आलात का?"

"आले."

"काय सांगितलंत?"

"गोजाबाईचं घर मोडू देऊ नको म्हणून."

"आणि माझं?"

"तुमचंही सांगणार होते. पण तुमच्यासाठी काय मागावं ते ठरेना. मग नुसतं नाव घेतलं."



डॉक्टर नजमुन्निसा तांबोळी म्हणजे चाकणच्या चांदभाई पानवाल्यांची मुलगी. गावच्या मराठी शाळेत शिकली, पुढं पुण्याला जाऊन इंग्रजी शिकली, डॉक्टर झाली. लग्न केलं नाही. चिंचवडला तिनं दवाखाना टाकला तेव्हा पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि देहूरोडच्या लष्करी डेपोत आसपासच्या गावांतली माणसं कामाला लागली होती. मी मराठी सातवीची फायनल झालेली, सुइणीचं शिक्षण घेतलेली. त्यांच्या दवाखान्यात पहिल्या वर्षापासून नर्स. वयानं मी थोडी मोठी, म्हणून त्या मला ताई म्हणत, आणि मी त्यांना बाई.

बाळंतपणाला बायका येत तशा मूल होत नाही म्हणूनही येत. एकट्याच आत येत, सासू बाहेर बाकावर बसे. औषध बायकोनं प्यायचं, नवस बायकोनं बोलायचा, उपास तिनंच धरायचे, आणि एवढं करून काही झालं नाही तर सवत यायची तीही तिच्याच उरावर. नजमाबाई विचारीत, "नवऱ्याला कुणी तपासलंय का?" त्यावर समोरची बाई असं बघे, की जणू तिच्या देव्हाऱ्यातल्या देवाला तपासलंय का म्हणून विचारलंय.

नवरे काही बाईमाणूस असलेल्या डॉक्टरसमोर यायचे नाहीत. मग नजमाबाईंनी एक रीत काढली. बाटली दवाखान्यातून द्यायची. नवऱ्यानं वीर्य घरीच त्या बाटलीत द्यायचं आणि बायकोनं ती बाटली ओच्यात, अंगाच्या उबेला खोवून लगोलग आणायची. गार पडली तर आतले जंतू मंदावतात. चाकणला दर बाजाराच्या दिवशी वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीपाशी यंत्र मांडून त्या बसायच्या. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका तिथं यायच्या. ओच्यातून बाटली काढताना कुणी तोंड फिरवून हात मागं करायची, कुणी पदराआडून द्यायची. एकजण बाटली ठेवता ठेवता पुटपुटली, "ह्ये वझं बी आमीच व्हायचं."

अशा कितीतरी बाटल्यांत त्यांना एकही जिवंत जंतू दिसला नाही. त्यांनी टिपणं ठेवली, पुस्तकं चाळली, रात्रीचा दिवस करून एक लेख लिहिला आणि मुंबईच्या डॉक्टर मंडळींच्या इंग्रजी मासिकाकडं पाठवला. तो छापून आला. म्हणणं एवढंच, की मूल नसलेल्या घरात निम्म्या ठिकाणी तरी दोष नवऱ्याकडं असतो, तेव्हा दुसरं लग्न लावण्याआधी नवऱ्याला तपासा. लेखात शेवटी तालमीतल्या माणसांविषयी चार ओळी होत्या. घट्ट लंगोटानं अंगाची उष्णता कोंडते आणि बीज मरत असावं, असा त्यांचा कयास होता. दाखला म्हणून चाकणजवळचा एक पैलवान दिला होता. नाव कुणाचंच नव्हतं.

चांदभाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी मासिकातली ती पानं सोडवून काचेच्या चौकटीत बसवली आणि गल्ल्याच्या वर टांगली. पानाला चुना लावता लावता गिऱ्हाइकाला म्हणायचे, "वर बघा. आमच्या बेटीचं नाव हाय. मुंबईला छापलंय." वाचणाऱ्याचं पान ते जरा सढळ हातानं लावायचे, म्हणून वाचणारेही पुष्कळ निघाले. हायस्कुलातल्या एका मास्तरांनी तर बाजाराच्या दिवशी उभं राहून सगळ्या लेखाचा मराठीत अर्थ सांगितला.

पैलवान, चाकणजवळचा, मूल नसलेला. असा माणूस त्या भागात एकच होता, गोजाबाईचा नवरा ज्योतीराम. देहूरोडच्या डेपोत कामाला आणि सुट्टीच्या दिवशी तालमीत. तालमीतली पोरं त्याला म्हणू लागली, "ज्योतीरामराव, आमी एवढ्या कुस्त्या मारल्या, पन मुंबईला नाव तुमचंच गेलं."

ज्योतीरामानं ते ऐकून घेतलं. मात्र एक गोष्ट त्यानं केली. आई अंबूबाई त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करत होती, ती त्यानं थांबवली. दोष माझ्यात आहे, गोजाला बोलायचं नाही, असं घरात सांगितलं. हे कानावर आलं तेव्हा नजमाबाईंना झालेला आनंद मी पाहिला आहे. त्या म्हणाल्या, "इंदूताई, लेखाचं काम झालं."

आणि दसऱ्यानंतर गोजाबाईला दिवस गेले.

एका संध्याकाळी ज्योतीराम डेपोतून सुटून सरळ चिंचवडला आला. एवढा आडदांड माणूस, पण बाकाच्या टोकाला बसला. टोपी हातात घेऊन तिची घडी घालत होता, मोडत होता.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या काचंत काय दिसलं न्हाई म्हनून मी खाली मान घातली. आईला गप केली. आता घरात तिसरा म्हैना चाललाय. मंग मला येवढंच सांगा, काच खोटी का बायकू खोटी?"

नजमाबाईंनी विचारलं, "गोजा काय म्हणते?"

"ती काय म्हननार. रडती. आई म्हनती, संक्रातीच्या आत म्हायेरी घालवून यायचं. मी तालमीत तोंड दाखवंना झालोय." मग थांबून म्हणाला, "मला ती तशी वाटत न्हाई. पन तुमचं छापलंय."

तो गेल्यावर बाईंनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी म्हटलं, "गोजा खोटं बोलणारी नाही, बाई. मी तिला ओळखते."

"मीही ओळखते. म्हणजे माझं काहीतरी चुकलंय. पण काय? बाटल्या मी स्वतः उकळते. झाकणं उकळते. तिनं वेळेत आणून दिली होती, ऊबसुद्धा होती."

म्हणून आम्ही यंत्र घेऊन निघालो होतो.

कुरुळी मागं पडली तेव्हा पेटी पुन्हा त्यांच्याकडं गेली. चालता चालता त्या म्हणाल्या, "मी चुकले असेन तर लेख मागं घ्यावा लागेल. आणि घेतला की हीच माणसं म्हणणार, बघा, दोष बायकांचाच होता, डॉक्टरीण उगाच नवऱ्यांच्या मागं लागली होती. ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्याच अंगाशी येणार."

"आणि नाही घेतला तर?"

"नाही घेतला तर गोजाच्या."

मला लेखांमधलं काय कळतंय. पण त्यांनी पेटी या कडेवरून त्या कडेवर घेतली आणि पाय उचलले, त्यावरून मला वाटलं की यांचं ठरलंय.

ज्योतीरामाची वस्ती चाकणच्या अलीकडं, रस्ता सोडून मळ्यात. अंबूबाई अंगणात कांदे निवडत बसली होती. आम्हाला बघून तिनं हातातला कांदा खाली ठेवला नाही. चालत आलो म्हटल्यावर मात्र तिला राहवलं नाही. आत तोंड करून म्हणाली, "च्या टाक. पायी आल्यात." सुनेचं नाव तिनं घेतलं नाही.

ज्योतीरामाची त्या दिवशी सुट्टी होती. नजमाबाई त्याला गोठ्याकडं बाजूला घेऊन गेल्या आणि पुन्हा एकदा तपासू दे म्हणाल्या. तो कबूल झाला. मग त्यांनी पिशवीतून उकळून आणलेली बाटली काढली आणि नवऱ्याला द्यायला म्हणून गोजाबाईच्या हाती दिली.

गोजाबाईनं बाटली घेतली आणि सरळ चुलीपाशी गेली. चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर राख तिनं बाटलीत घातली, काथ्याचा तुकडा आत कोंबला, थोडं पाणी ओतलं आणि खळाखळा हलवू लागली. आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या.

"गोजा, काय करतेस?"

"बाटली घासती."

"अगं, मी उकळून आणलीय ती."

"व्हय, पन दवाखान्यातलीच नव्हं का ती," गोजाबाई म्हणाली. "कुनाकुनाचं काय काय असंल हिच्यात. पू म्हनू नका, रगत म्हनू नका. आन् त्यात आमच्या घरचं बी घालायचं म्हंजी." पुढचं ती लाजून बोलली नाही.

नजमाबाईंचा आवाज एकदम हळू झाला. "मागच्या खेपेलाही घासली होतीस?"

"मागल्या खेपेला तर लई घासली. तुळशीतली माती बी घातली वाईच."

"आणि मग चांगली धुतलीस?"

"एकदा खंगाळली. जास्त पानी घातलं तर वली ऱ्हाती, म्हनून तशीच पालथी घातली. जावेनं सांगितलं हुतं मला, तीबी तसंच करती. समद्याच करत्यात, बाई."

नजमाबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. आधी त्यांना हसू आलं, मग ते गेलं. मला म्हणाल्या, "राखेत खार असतो, इंदूताई. ते जीव त्यात टिकतच नाहीत. बाटलीच्या बुडाला राहिलेल्या राखेनं मारले, आणि मी लिहिलं, जिवंत नव्हतेच म्हणून."

गोजाबाई घाबरली. हातातली बाटली तिनं पाठीमागं घेतली. "माझं चुकलं का?"

"नाही गं. दवाखान्यात आलीस की मी सारखी सांगते, भांडी स्वच्छ ठेवा, घासा, धुवा. हिला हात लावू नको असं एकदा तरी सांगितलं का मी? नाही. मग चुकलं कुणाचं?"

दुसरी बाटली होती. ती नजमाबाईंनी स्वतः ज्योतीरामाच्या हाती दिली. "ही धुवायची नाही. राख नाही, पाणी नाही, तुळशीची माती नाही." अंबूबाईनं बाहेरून विचारलं, "बाटली कशाला त्याला?" मी म्हटलं, "तब्येत बघायची त्याची." ती म्हणाली, "त्याच्या तब्येतीला काय धाड भरलीय. बैलासारखा हाय." आणि कांदे निवडू लागली.

यंत्र ओट्यावर मांडलं. खालचा आरसा बाईंनी आभाळाच्या उजेडाकडं फिरवला. काचेच्या पट्टीवर थेंब घेतला आणि डोळा लावून बसल्या. मी मनात मोरयाचं नाव घेत होते. आता काय मागायचं ते मला पक्कं माहीत होतं.

त्या बाजूला झाल्या. "ज्योतीराम, ये. बघ."

तो गुडघ्यावर बसला. एक डोळा मिटायला त्याला जमेना, म्हणून मी हातानं झाकला. थोडा वेळ त्याला पापण्यांचे केसच दिसले असणार. मग तो एकदम स्थिर झाला.

"वळवळतंय," तो म्हणाला. "डबक्यात बेडकाची पिल्लं असत्यात तसलं."

"ते तुझे."

"समदे?"

"सगळे."

तो पुन्हा वाकला. जत्रेतल्या पेटीत चित्रं बघणाऱ्या मुलासारखा बघत राहिला. मग विचारलं, "ह्यातलं किती लागत्यात, बाई?"

"एक."

"येकच," तो म्हणाला, आणि डोळा काढला नाही.

नजमाबाईंनी गोजाबाईला ती घासलेली बाटली मागच्यासारखीच एकदा खंगाळायला लावली आणि उरलेल्यातलं थोडं तिच्यात घातलं. तोवर चहा आला होता. आम्ही दोघी चहा पिईपर्यंत ती बाटली तशीच ठेवली. मग त्या बाटलीतला थेंब काचेवर घेतला आणि ज्योतीरामाला पुन्हा बसवलं. त्यानं बघितलं. सगळे होते, पण एकही हलत नव्हता.

"राखेनं?"

"राखेनं."

ज्योतीराम उठला, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि आत गेला. आत तो गोजाबाईला काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. गोजाबाईचाच आवाज तेवढा आला, "तुमचा च्या निवला." त्या आवाजात रडं नव्हतं.

बाहेर येऊन त्यानं अंगठ्यानं ओट्याची माती उकरत विचारलं, "आन् लंगोटाचं काय मग, बाई?"

"ते मी अजून नक्की केलेलं नाही," नजमाबाई म्हणाल्या. "पण जरा सैल बांधलास म्हणून कुस्ती हरणार नाहीस."

हे सगळं ज्योतीरामानं आईला समजावून सांगितलं. अंबूबाईनं ऐकून घेतलं, पण यंत्राजवळ काही ती आली नाही.

"माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय," ती म्हणाली. "मला काय दिसतंय. तू म्हनतोस म्हंजी असंल खरं. सुनंला मी आता घालवत न्हाई. पन तुमची ही काच आज हितं ओट्यावर हाय, घटकाभरानं पेटीत जाईल. चांदभाईच्या दुकानातली काच तिथंच ऱ्हानार. बाजाराला जानारा येनारा वाचतोय. उद्या प्वार चालाया लागलं की त्येला म्हनतील, बघ, तुझ्या बाचं तिथं टांगलंय. त्येचं काय करता?"

नजमाबाईंनी मान हलवली. "खरं आहे तुमचं, आजी," एवढंच म्हणाल्या आणि यंत्र पेटीत ठेवायला लागल्या.

पुढं जे झालं ते इथंच सांगून टाकते. त्याच आठवड्यात त्यांनी मासिकाला कळवलं, की माझ्या लेखातला मुख्य निष्कर्ष धरून चालू नये, बाटल्यांत राखेचा अंश होता. ते एका कोपऱ्यात बारीक टाइपात छापून आलं. त्यांना भीती होती तसं बोलणारे भेटलेच. दवाखान्यात एक सासू तोंडावर म्हणाली, "शेवटी बाईचाच दोष ना?" बाई तिला म्हणाल्या, "ते तुमच्या मुलाला तपासल्यावर सांगते." आधी आलेल्या सगळ्या बायकांना आम्ही पुन्हा बोलावलं. या वेळी बाटलीचं तोंड फडक्यानं बांधून, दोऱ्याला गाठ मारून द्यायचो आणि निक्षून सांगायचो की गाठ फक्त नवऱ्यानं सोडायची. पुष्कळ नवरे ठीक निघाले. पुष्कळांत दोष निघालाच, आणि तो आता खरा होता. त्यावर त्यांनी सावकाश, पुन्हा पुन्हा तपासून लिहिलं. बाटली कशी द्यावी आणि कशी आणावी यावरही एक छोटा लेख लिहिला. त्यात 'राख' हा शब्द इंग्रजीत पहिल्याच ओळीत आहे, असं त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं होतं. लेख किती झाले असं कुणी विचारलं तर ती कोपऱ्यातली माफीसुद्धा त्या मोजायच्या. म्हणायच्या, "तो माझा दुसरा लेख. सगळ्यात लहान."

गोजाबाईला मुलगी झाली. बाळंतपण मीच केलं. बारशाला अंबूबाईनं मला आणि नजमाबाईंना शेजारी शेजारी बसवून घुगऱ्यांनी ओटी भरली, आणि पाळण्याकडं बघून, "नाक ज्योतीरामाचंच हाय, आमाला काय काच लागत न्हाई," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

पण हे नंतरचं. त्या दिवशी वस्तीवरून निघून आम्ही चाकणच्या वाटेला लागलो. कांद्याच्या गाड्या बाजाराकडं चालल्या होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांमुळं बोलायला नको वाटत होतं. नजमाबाई हलक्या चालीनं चालत होत्या. मोठं ओझं उतरल्यासारख्या, तरी पेटी त्यांच्याच हातात होती. मी घेऊ का म्हटलं तर नको म्हणाल्या.

पेठेच्या तोंडाशी आलो आणि त्या थांबल्या. समोर दुकान दिसत होतं. चांदभाई मांडी घालून बसले होते, पुढं ओलं फडकं, त्यावर पानं. दोन गिऱ्हाइकं उभी होती. गल्ल्याच्या वर ती चौकट, पुसून लख्ख केलेली.

"आजच पुसलेली दिसतेय," नजमाबाई म्हणाल्या.

"रोज पुसतात ते," मी म्हटलं.

त्यांनी पेटी खाली ठेवली, पदरानं कपाळ टिपलं, आणि माझ्याकडं न बघता, दुकानाकडं बघतच बोलू लागल्या.

"इंदूताई, माझं अक्षर डॉक्टरचं, कुणाला लागत नाही. तुमचं शाळेच्या फळ्यावरच्यासारखं आहे. मला एक कागद लिहून द्या. मराठीत, मोठ्या अक्षरात, बाजाराला आलेल्या माणसाला उभ्या उभ्या वाचता येईल असा. शेजारच्या लेखात पैलवानाविषयी लिहिलंय ते चुकीचं आहे, बाटलीत राख होती. चूक डॉक्टरची, घरच्या बाईची नाही. खाली माझं पूर्ण नाव घाला. मधे अब्बांचं नाव येईल, ते येऊ द्या. आणि अब्बांना म्हणावं, तो लेख उतरवायचा नाही, हा कागद त्याच्या शेजारी लावायचा. एवढं तुम्ही त्यांना सांगा, ताई. मी इथं पेटी धरून उभी राहते."